शेवेच्या कारखान्याचा कार्बन हिशेब

इंदूरमध्ये शेव-नमकीनचा छोटा कारखाना असेल तर वर्षभरात त्यातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, याचा हिशेब एका दुपारात उरकतो. एप्रिल ते मार्च धरा, म्हणजे वह्यांशी मेळ बसतो.

आधी भट्टी. व्यावसायिक सिलिंडरमध्ये 19 किलो एलपीजी, आणि किलोभर जळला की जवळपास 3 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टाकीमागे 57 किलो. घोळ मोजणीत होतो: पावत्या खरेदीच्या असतात, जळलेल्या गॅसच्या नव्हेत. 31 मार्चला अर्धवट टाक्या काट्यावर ठेवा, टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन वजा करा, उरलेला गॅस पुढच्या वर्षात ढकला.

वीज रुपयांवरून काढू नका. युनिट घ्या, युनिटला सुमारे 0.7 किलो. सीटी मीटर (मोठ्या जोडणीचा, प्रवाहाचा ठरावीक अंशच मोजणारा) असेल तर रीडिंगच्या फरकाला बिलावरचा गुणक लावायचा. तो राहिला की आकडा कितीतरी पटीने कमी येतो. छतावर सोलर असेल तर निव्वळ युनिटं (ग्रिडला दिलेली वजा करून उरलेली) नकोत, ग्रिडमधून घेतलेली हवीत.

गाडीचं डिझेल लिटरमागे 2.7 किलो, पेट्रोल 2.3. जनरेटरचं डिझेल शोधावं लागतं, ते बहुधा किरकोळ खर्चात दडलेलं असतं.

हमखास सुटतो तो एसीचा गॅस. आर-410ए एक किलो गळला तर दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढते, म्हणजे छत्तीसेक सिलिंडर! मेकॅनिककडून भरलेल्या गॅसचं वजन बिलावर लिहून घ्याच.

बेसन आणि तेल स्कोप 3 मध्ये, म्हणजे माल बनवणाऱ्या-पुरवणाऱ्यांकडे होणाऱ्या उत्सर्जनात जातात. पहिल्या वर्षी त्यांचे नुसते किलो नोंदवून ठेवले तरी चालेल.