एल्वेनार अपडेट: पूर्वेची वाट सोडली

मंडळी, एल्वेनार या शहर बांधण्याच्या ऑनलाइन खेळात मला मार्बल मिळालं! फेलोशिपच्या (आमच्या खेळाडूंच्या गटाच्या) बाहेरून, साध्या ट्रेडरमधून (मालाच्या अदलाबदलीच्या बाजारातून), एका जिवंत शेजाऱ्याकडून. रात्री टाकलेली ऑफर सकाळपर्यंत उचलली गेली होती आणि नोटिफिकेशनमध्ये तिच्याच खाली त्याच शेजाऱ्याने माझी कल्चर बिल्डिंग (सजावटीची इमारत) पॉलिश केल्याची, म्हणजे भेट देऊन मदत केल्याची, ओळ होती. बाकी कुणाला यात काय विशेष वाटेल ते सांगता येत नाही, पण इथल्या माणसांना कळेल.

जुने अपडेट वाचणाऱ्यांना माझं दुखणं पाठ आहे. बूस्ट (उत्पादनाला मिळणारी वाढ) स्टीलचा, टंचाई मार्बलची. रेलिक्स (नकाशावरच्या प्रांतांत मिळणारे अवशेष) जमवून जमवून बूस्ट ७०० टक्क्यांच्या कमाल मर्यादेला टेकला, त्यामुळे स्टील नुसतं साचतंय. प्लँक्स फेलोशिपमध्ये कसेबसे भागतात. मार्बलचा बूस्ट असलेला आणि रोज खेळणारा मात्र आमच्यात एकच गडी आहे, आणि सगळ्यांच्या ऑफर त्याच्याच नावाने उभ्या असतात. फेलोशिपमध्ये जास्तीत जास्त २५ जण बसतात. त्यातले चार-पाच कायम 'परीक्षा चालू आहे' नाहीतर 'ऑफिसचं काम वाढलंय' म्हणून गायब असतात, म्हणजे हाताशी किती उरले ते बघा. अशा वेळी नकाशावरच्या शेजाऱ्यांनी साथ द्यायला हवी. एल्वेनारची मूळ कल्पनाच ती आहे.

आता मुख्य विषय. माझ्या पूर्वेला कुणी राहत नाही.

शहरं आहेत. नावं आहेत, मेन हॉल आहेत, रस्ते आहेत, माणूस नाही. कोकणातल्या गावात शिमगा-गणपती सोडून निम्म्या घरांना कुलपं असतात, तसा तो सगळा भाग झालाय. एका एल्फ वंशाच्या शहराचं उदाहरण देतो. मेन हॉलपासून रस्ता निघतो आणि अर्ध्या मैदानात येऊन थांबतो. बाजूला दोन वर्कशॉप आहेत, त्यातलं एक रस्त्याला जोडलेलंच नाही. कोपऱ्यात सुरुवातीला मिळणाऱ्या कल्चरच्या चार वस्तू. कुणीतरी ट्यूटोरियल संपवलं, थोडं बांधलं आणि निघून गेलं. त्या शहराला मी रोज मदत करत आलोय. मला नाणी मिळतात हे खरं, पण उलट भेट कधीच आली नाही. ट्रेडरमध्ये त्या नावाची ऑफर दिसणं तर दूरच.

बरीच सोडलेली शहरं हटवली जातात आणि त्या जागी सोन्याची खाण येते. खाणीवर जाऊन नाणी उचलता येतात, त्यामुळे नवीन खेळाडूंना ती बरी वाटते. मला नाण्यांची कमतरता नाही. खाण मार्बल विकत नाही, कल्चर पॉलिश करत नाही, वंडरमध्ये (खास मोठ्या इमारतीत) केपी (नॉलेज पॉइंट) टाकत नाही. माझ्या मते तर अर्धवट सोडलेल्या शहरापेक्षा खाण बरी, कारण निदान तिच्याकडून अपेक्षा तरी राहत नाही.

पूर्वेलाच स्काउट (नवीन प्रांत शोधणारा) का पाठवत होतो, हे नव्यांसाठी सांगतो. स्टीलचे रेलिक्स देणारे प्रांत त्या बाजूला जास्त लागत होते. एका प्रांतात आठ एन्काउंटर (लढून किंवा माल देऊन सोडवायच्या चकमकी), प्रत्येक सोडवला की रेलिक, आणि रेलिक वाढले की बूस्ट वाढतो. बूस्ट पूर्ण होईपर्यंत तीच दिशा बरोबर होती. पण ७०० टक्के झाल्यावर तिकडे जाण्याचं कारण संपलं. आता स्काउटने रेलिक शोधण्याऐवजी माणसं शोधायची. प्रश्न एवढाच की कुठल्या दिशेला? जितकं लांब जाऊ तितका स्काउट महाग होतो आणि वेळही जास्त घेतो. चॅप्टरच्या (आपण खेळात गाठलेल्या टप्प्याच्या) मानाने फार पुढे गेलो तर नवीन प्रांतातले एन्काउंटर अवघड ते अतिअवघड होत जातात. सगळीकडे माणसं पाठवून बघू, असा हा मामला नाही.

म्हणून शीट सुरू केली. दर रविवारी नकाशावर दिसणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याचा रँकिंगमधला स्कोर टिपायचा, बस. स्कोर हलला तर हिरवा रंग, थोडासाच हलला तर पिवळा, जागचा हलला नाही तर करडा. कोण जागं आणि कोण झोपलेलं हे ओळखायला याच्याइतकी खात्रीची खूण दुसरी नाही. शहर सुंदर दिसतं म्हणून मालक हजर आहे असं नसतं. चांगली मांडलेली, भरपूर वंडर असलेली शहरंसुद्धा करडीच निघाली. आणि एक अगदी छोटं, विस्कळीत दिसणारं मानवी शहर मात्र दर आठवड्याला हिरवं!

टूलचा विषय निघालाच आहे तर बोलतो. शहराची मांडणी करायला एल्वेनआर्किटेक्ट मला अजूनही सगळ्यात आवडतं, नवीन चॅप्टरआधी मी सगळी उलथापालथ आधी तिथे करून बघतो. शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र हाताने भरलेली शीटच बरी, कारण त्यात दिशा लिहिता येते. माझं सगळं काम त्या 'दिशा' नावाच्या कॉलमने केलं. आणि रोजची भेटींची फेरी लॅपटॉपवरच करा. मोबाइलवर प्रत्येक शहर उघडेपर्यंत उत्साह संपतो.

कॉलम लावून शीट दिशेप्रमाणे सॉर्ट केली आणि चित्र एकदम स्पष्ट झालं. पूर्व आणि ईशान्य जवळजवळ सगळी करडी. उत्तर संमिश्र. नैर्ऋत्येच्या टोकाला, मी जेमतेम पोचलो होतो तिथे, हिरव्यांचा एक घोस. तीन-चार जिवंत शहरं एकमेकांना लागून आणि त्यांच्या पलीकडे अजून न उघडलेले प्रांत. स्काउटचं तोंड त्याच दिवशी नैर्ऋत्येला वळवलं.

तिकडचं पहिलं नवीन शहर उघडलं तेव्हा आधी नजर गेली ती नावावर. नावाच्या शेवटी लिहिलं होतं: सी-बी-एम. जुन्यांना अर्थ सांगायला नको. आधी कल्चर, ते शक्य नसेल तर बिल्डर, तेही नसेल तर मेन हॉल. कुठली मदत हवी ते शहराच्या नावातच सांगायची ही पद्धत खेळाडूंनीच काढलेली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. शेजाऱ्याशी बोलायला या खेळात जागाच किती आहे? गप्पांची सोय फेलोशिपपुरती. शेजाऱ्याला मेसेज पाठवता येतो, पण अनोळखी माणसाचा मेसेज उघडून उत्तर देणारे विरळ. उरतं शहराचं नाव. ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतं. ज्याने नावात सी-बी-एम लिहिलंय त्याला भेटी येतात हे माहीत आहे आणि त्या कुठे खर्च व्हाव्यात याचा विचार त्याने केलेला आहे. स्कोर बघण्याआधीच कळतं, हा माणूस खेळतोय.

कल्चर पॉलिश केलं. त्याच्याकडची सगळ्यात मोठी, अजून कुणी हात न लावलेली बिल्डिंग शोधून केलं, म्हणजे आठ तास त्याला पूर्ण फायदा. (हे सगळ्यांनीच करावं. समोर दिसेल त्या छोट्या झाडाला पॉलिश करून पळणाऱ्यांनी दोन सेकंद जास्त द्यावेत, समोरच्याचा कल्चर बोनस त्यावर ठरतो.) दुसऱ्या दिवशी उलट भेट आली. तिसऱ्या भेटीनंतर मी छोटा मेसेज टाकला: स्टील माझ्याकडे भरपूर आहे, मार्बल हवं, दोन स्टारने बरोबरीत देईन. लेखी उत्तर आलं नाही. पण रात्री ऑफर टाकली आणि सकाळी ती गेलेली होती. मला हेच उत्तर पुरेसं आहे.

आणि खरी मजा पुढे आहे. काल माझ्या गोल्डन अ‍ॅबिस या वंडरमध्ये त्याने केपी टाकले! तासाला एक केपी तयार होतो आणि बारमध्ये दहाच मावतात, तेव्हा कुणी आपले केपी दुसऱ्याच्या वंडरमध्ये घालतो म्हणजे तो माणूस हिशेब करून खेळतो. वरच्या क्रमांकाच्या देणगीदाराला पेटी मिळते, रून (वंडर वाढवायला लागणारा तुकडा) मिळू शकतो, तेव्हा त्याचाही फायदा आहेच. असू दे. फायदा दोघांचा झाला तरच शेजार टिकतो. मी त्याच्या वंडरमध्ये तेवढेच परत टाकले आणि बराच वेळ त्या स्क्रीनवरून हललो नाही. इतके दिवस करड्या नकाशावर एकट्याने हिंडल्यावर एका अनोळखी माणसाचं नाव आपल्या वंडरच्या यादीत दिसणं हा या खेळातला माझा सगळ्यात आवडता क्षण आहे.

यावरून एक जुना वाद परत काढतो. फोर्ज ऑफ एम्पायर्स खेळणारे मित्र म्हणतात, तिकडे बरं आहे, सुमारे ८० जणांचं नेबरहूड असतं आणि ते अधूनमधून बदलत राहतं. झोपलेले शेजारी वाट्याला आले तरी कायमचे राहत नाहीत. मुद्दा बरोबर आहे. पण तिकडे शेजारी म्हटलं की लुटीचीही आठवण येते, आणि ज्याच्याशी ओळख झाली तो पुढच्या फेरबदलात निघूनही जातो. एल्वेनारमध्ये शेजारी नकाशावर खिळलेला. खेळाकडून शहरं अधूनमधून हलवली जातात खरी, पण कुठे जायचं ते आपल्या हातात नसतं. २०१३ च्या सिमसिटीतही हेच दुखणं होतं. एका रीजनमध्ये जास्तीत जास्त १६ शहरं, त्यातलं एखादं घेऊन कुणी निघून गेला की बाकीच्यांची ग्रेट वर्क्स (सगळ्यांनी मिळून बांधायची मोठी कामं) रखडायची. तिथे निदान शहर सोडून देण्याची सोय होती, मग दुसरा ते घेऊ शकायचा. पण जो माणूस खेळायचाच थांबलाय तो बटण दाबायला कशाला परत येईल? मला विचाराल तर एल्वेनारमध्ये लूट नको, फेरबदलही नको. स्कोर किती दिवस हललेला नाही हे नकाशावरच दिसलं तरी पुरे. स्काउट कुठे पाठवायचा ते आम्ही ठरवू.

पुढचा बेत असा होता की नैर्ऋत्येला अजून दोन प्रांत उघडायचे आणि तोपर्यंत गरज पडली तर होलसेलरकडून (खेळाच्या स्वतःच्या विक्रेत्याकडून) मार्बल घ्यायचं. होलसेलर मला आवडत नाही. प्रत्येक खरेदीला भाव चढतो आणि थोड्या मालापायी भरपूर नाणी जातात. एखादा नग अपग्रेडला अडला असेल तेवढ्यापुरताच तो ठीक.

पण हे लिहिता लिहिता एक हिशेब सुचलाय, आणि बेत बदलतोय. ज्याने आपल्याला अजून शोधलेलं नाही, त्याला आपली ऑफर घेताना ५० टक्के जादा माल द्यावा लागतो, बरोबर? म्हणूनच धुक्यापलीकडचे खेळाडू आपल्या बरोबरीच्या ऑफरला हात लावत नाहीत. समजा मी ३,००० स्टील देऊन २,००० मार्बल मागितलं. समोरच्याला २,००० आणि वर १,००० जादा, म्हणजे एकूण ३,००० मार्बल मोजावं लागेल. त्याच्या बाजूने सौदा बरोबरीचा झाला! माझं स्टील जास्त जातंय, पण स्टील तर पडूनच आहे. मार्बलचा बूस्ट नसताना स्वतः कारखाना चालवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. आणि शोधलेल्या शेजाऱ्याला तीच ऑफर सरळ लाभाची दिसेल, म्हणजे ती लवकर उचलली जाण्याची शक्यता वाढते.

यात एकच अडचण दिसते. फेलोशिपमधले स्टीलवाले म्हणतील, तू भाव पाडतोयस. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. म्हणून मोठ्या ऑफर फेलोशिपच्या मार्बलवाल्यासाठी दोन स्टारवरच ठेवणार, आणि या उदार ऑफर लहान लहान गठ्ठ्यांत, तेही रात्री टाकणार. आमच्या नैर्ऋत्येचे हिरवे लोक माझ्या रात्रीच जागे असतात, हे नोटिफिकेशनच्या वेळांवरून दिसतंय. त्यांच्या शहरांना मदतही त्याच सुमारास करून बघतो.

शहराचं नावही बदलतोय. सी-बी-एम आहेच, त्याच्यापुढे 'स्टील देतो, मार्बल घेतो' एवढं इंग्रजीत बसतंय का ते बघतो. अक्षरांची मर्यादा आडवी आली तर नुसतं 'मार्बल हवं' ठेवेन.

पूर्वेच्या करड्या शहरांना रोजची मदत बंद. फक्त ते अर्ध्या रस्त्याचं एल्फ शहर शीटमध्ये राहू देतोय, त्याचा स्कोर रविवारी टिपत राहीन.

विन्यांडरवर (आमच्या सर्व्हरवर) कुणी मार्बल बूस्टवाले असाल तर शहराचं नाव कळवा. आमच्या फेलोशिपमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. टूर्नामेंटला मंगळवार ते शनिवार थोडं तरी खेळा आणि भेटींना उलट भेट द्या, दुसरी अट नाही. आणि ५० टक्क्यांच्या हिशेबात काही सुटलंय असं वाटलं तर आजच सांगा, पहिल्या ऑफर रात्री टाकायच्या आहेत.