मिस्टर स्ट्युअर्टचा क्लाईड

रविवार, रात्रीचे साडेदहा

पाऊस लागून राहिलाय. दुपारपासून एलिनोर प्रुइट स्ट्युअर्टची पत्रं वाचत होते. आत्ता संपली आणि झोपच उडाली.

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात लोकांचे कपडे धुऊन, घरकामं करून पोट भरणारी ही बाई. पदरात छोटी जेरिन. १९०९ मध्ये ती वायोमिंगमधल्या बर्न्ट फोर्कला आली, क्लाईड स्ट्युअर्ट नावाच्या स्कॉटिश बिजवराच्या रँचवर घर सांभाळायला. रेल्वे ६० मैल लांब. आल्यापासून काही आठवड्यांतच दोघांचं लग्न! त्याला घरात बाईमाणूस हवं होतं, हिला लेकीसाठी आसरा. कामाची एवढी घाई, की आधी लग्न उरकलं आणि प्रेमाबिमाचं नंतर बघितलं, असं ती स्वतःच लिहिते. अॅप्रन काढायचा राहिला, जुने बूट बदलायचे राहिले. तशीच उभी राहिली लग्नाला.

पण तिला स्वतःच्या नावावर जमीनही हवी होती, आणि मला ती आवडते ती इथंच. सरकारी जमीन कसायला देणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं एकट्या बाईला १६० एकरांपर्यंत जमीन मिळायची, नवऱ्याच्या घरात नांदणारीला नाही. तिनं त्याच्या जमिनीला लागूनच अर्ज केला, घरही त्याच्या घराला जोडून बांधलं. ज्यांना ती पत्रं लिहायची, त्या डेन्व्हरच्या जुन्या मालकीणबाईंना लग्नाचं कितीतरी दिवस कळवलंच नाही. मला तिचा जराही राग येत नाही. १९१२ मध्ये तिला तो हक्क सोडावा लागला, जमीन सासूच्या नावावर गेली. हे वाचून जीव हळहळला.

एकदा गवतकापणीला गडी मिळेना म्हणून क्लाईड माणूस शोधायला गेला. हिनं घोडे जुंपले आणि यंत्रानं कापणी सुरूसुद्धा केली. तो परत येऊन बघतो तर काय! केवढा खूश झाला.

आमची आजी आजोबांना जन्मभर 'अहो'च म्हणाली. लग्नाआधी तिनं त्यांना पाहिलंही नव्हतं. ते गेल्यावर एका रात्री अंधारात मी तिला त्यांचं नाव पुटपुटताना ऐकलं, एकदाच. एलिनोरच्या सुरुवातीच्या पत्रांत नवरा कायम 'मिस्टर स्ट्युअर्ट'. मग त्यांचं तान्हं बाळ, जेमी, गेलं त्याबद्दलचं पत्र येतं. डॉक्टर मिळाला नव्हता, धीर द्यायला पाद्रीही नव्हता. क्लाईडला सुतारकाम येत होतं, ती लिहिते. हो, क्लाईड. छोटी शवपेटी त्यानंच करावी असं तिला वाटलं. त्यानं ती सगळी आपल्या हातांनी केली. तिनं आतून अस्तर लावलं, मऊ गादी घातली, वरून कापड चढवलं. अंत्यविधीसाठी बायबलमधला अध्यायही तिनंच निवडला.

ते पान मी तीनदा वाचलं.