मुखचित्र वाचताना: महिना तिसरा, चित्र एकच

या महिन्यात एकाच चित्रापाशी थांबलो. इंग्रज तत्त्ववेत्ता थॉमस हॉब्जच्या, १६५१ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘लेव्हायथन’ या राज्यसत्तेवरच्या पुस्तकाचं मुखचित्र, म्हणजे सुरुवातीच्या पानावरचं चित्र. अभ्यासक ते फ्रान्सचा चित्र-कोरक अब्राहम बॉस याचं मानतात. तांब्याच्या पत्र्यावर एचिंग (आम्लाने रेघा खोदून छापायचं चित्र) कसं करावं, याचं पुस्तक त्याने १६४५ मध्ये लिहिलं होतं. आम्लाने खोदलेली रेघ छिन्नीने कोरल्यासारखी जाडबारीक व्हावी, हा त्याचा ध्यास. भिंग चित्रातल्या डोंगरांवरून फिरवा, लगेच कळतं.

पहिला आठवडा मात्र वाया गेला. दुकानातून काढून आणलेल्या प्रिंटची वरची कड कापली गेली होती आणि नेमकी लॅटिन ओळ तिथेच होती. ती बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथातली: पृथ्वीवर त्याच्या तोडीची सत्ता नाही. तिथे हे वर्णन समुद्रातल्या अक्राळविक्राळ प्राण्याचं आहे, त्याचंच नाव लेव्हायथन. ओळ वाचेपर्यंत मी डोंगरामागून उठणाऱ्या त्या मुकुटधारी पुरुषाला साधा राजा समजत होतो.

त्याच्या उजव्या हातात तलवार, डाव्या हातात वाकड्या टोकाचा दंड. वसईच्या मित्राने दंड बघताक्षणी ओळखला: “ही तर बिशपांची, मेंढपाळाची काठी!” सत्ता आणि धर्म, दोन्ही एकाच माणसाच्या मुठीत. हॉब्जचं म्हणणं इथेच सांगून झालं.

चित्राच्या खालच्या भागात डावी-उजवीकडे चौकोनांच्या दोन उभ्या रांगा आहेत; ते चौकोन मी आधी वरून खाली वाचत होतो. ते आडवे वाचायचे. किल्ल्यासमोर चर्च, राजमुकुटासमोर बिशपची टोपी, तोफेसमोर वीज (चर्चने घातलेल्या बहिष्काराची), सगळ्यांत खाली लढाईसमोर धर्मपंडितांची सभा. मला सगळ्यांत आवडली ती यांच्या मधली, वरून चौथी जोडी. डावीकडे भाले, बंदुका, निशाणं यांचा ढीग; उजवीकडे त्रिशूळ, दुटोकी काटे आणि शिंगं. भिंग लावलं तर त्रिशुळावर ‘सिलॉजिझम’ (दोन विधानांवरून तिसरं काढणारा तर्क), शिंगांवर ‘डिलेमा’ (दोन्हीकडून अडवणारा पेच) अशी अक्षरं. वाद घालायची हत्यारंच ती! यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि त्या सत्कारणी लागल्या.

त्या पुरुषाचं अंग म्हणजे दाटीवाटीने उभी तीनशेहून अधिक माणसं, सगळी पाठमोरी, त्याच्या चेहऱ्याकडे बघणारी. खालचं शहर मात्र जवळजवळ ओस. थोडे शिपाई दिसतात, आणि मोठ्या चर्चपाशी चोचीचे मुखवटे घातलेल्या दोन बारक्या आकृती. प्लेगचे वैद्य, असं अभ्यासक म्हणतात. रस्त्यावरची माणसं गेली कुठे, हे वर बघितलं की उमगतं.

आता पुढचं काम. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजासाठी हॉब्जने करवून घेतलेल्या हस्तलिखितातही हे चित्र आहे, हाताने काढलेलं. त्यात शरीरातले चेहरे बाहेर, आपल्याकडे वळलेले आहेत. दोन्ही मोठ्या आकारात काढून शेजारी शेजारी भिंतीला लावणार आहे. या वेळी कडा मोजूनच प्रिंट सांगेन.