आमची वाटचाल : मैफलीचे पान आणि मैदानाचे पान

संगीत सभेची स्मरणिका आणि कबड्डी स्पर्धेची स्मरणिका एकाच यंत्रावर छापता येतात, परंतु एकाच मांडणीत बसवता येत नाहीत. जळगावातील आमच्या छापखान्याची आजवरची वाटचाल या एका गोष्टीवर उभी आहे, आणि ही गोष्ट न कळलेल्या माणसानेच आम्हाला एकदा पार बुडवत आणले होते.

सुरुवात ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर झाली. भांडवल आमचे आणि कसब आबांचे, अशी तोंडी भागीदारी होती. आबा जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे कारागीर होते. निर्णयसागर वळणाच्या खिळ्यांच्या केसेस, खिळे जुळवण्याची स्टिक, जुळवलेला मजकूर ठेवण्याची गॅली आणि पितळी रुळांचा एक डबा त्यांनी सोबत आणला, आणि त्या डब्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनात कोमल स्वराखाली आडवी रेघ येते, तीव्र मध्यमावर उभी रेघ येते, मंद्र सप्तकाचा बिंदू खाली आणि तार सप्तकाचा वर बसतो, आणि एका मात्रेतले स्वर खालच्या कंसाने बांधले जातात. आबा या रेघांसाठी रुळाचे तुकडे कानशीने तासून ओळींच्या मधल्या जागेत बसवत. त्रितालाच्या सोळा मात्रा चार समान रकान्यांत आल्या पाहिजेत आणि समेची फुली बरोबर पहिल्या मात्रेच्या खाली पडली पाहिजे, एवढ्यासाठी त्यांनी जुळवलेले पान पुन्हा सोडून नव्याने बांधलेले आम्ही पाहिले आहे. पुढे ट्रेडल गेले, मिनी ऑफसेट आले, संगणकावर पाने लावणारा पेजमेकर आला. पावती पुस्तके, लग्नपत्रिका आणि केळीच्या खोक्यांची लेबले यांवर बरीच वर्षे सुखाने गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखे विशेष काही नाही.

संगीताच्या पानाला मोकळी जागा लागते. एक मोठे छायाचित्र, कलाकाराची नजर पानाच्या आतल्या बाजूला, मजकुराला रुंद समास आणि ओळींत भरपूर अंतर, एवढे केले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम मानपानाचे असते. मैफलीत ज्येष्ठ कलाकार शेवटी बसतो आणि स्मरणिकाही त्याच क्रमाने जाते, त्यामुळे ज्येष्ठांचे नाव शेवटच्या पानावर आले तरी कोणी रागावत नाही. मात्र तबला आणि संवादिनीच्या साथीदारांची नावे दोन पॉइंटांनीही लहान झालेली चालत नाहीत.

मैदानाच्या पानाचे शास्त्र वेगळे आहे. तेथे रिकामी जागा दिसली की वर्गणीदार विचारतो, आमची जाहिरात येथे का नाही? छायाचित्रे अनेक, लहान आणि जवळून कापलेली असावीत, चढाईपटू ज्या दिशेला झेपावतो त्या दिशेला मात्र थोडी मोकळीक ठेवावी. गुणतक्त्यातील आकडे उजवीकडून लावावेत. देवनागरी अंक अनेक फाँटांत कमी-अधिक रुंदीचे असतात, त्यामुळे डावीकडून लावलेला तक्ता वेडावाकडा दिसतो. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीचे पत्रक तर संगीताच्या अगदी उलट चालते, कारण पहिल्या क्रमांकाची कुस्ती मैदानात सर्वांत शेवटी लागत असली तरी कागदावर ती सर्वांत वर, सर्वांत जाड टाइपात, दोन मल्लांच्या मध्ये इनामाची रक्कम घालूनच छापावी लागते. ही पत्रके बहुधा चैत्र-वैशाखात निघतात. पारा ४४ अंशांच्या पुढे गेला की कागद आकसतो आणि दुसऱ्या रंगाचे रजिस्टर, म्हणजे पहिल्या रंगावर त्याचे नेमके बसणे, सरकते, ते वेगळेच.

फ्लेक्सचा जमाना आला तेव्हा आमच्याच रस्त्यावर, अगदी समोर, एका गृहस्थाने मोठे यंत्र टाकले. नाव घेत नाही, गावाला ठाऊक आहे. त्याच्याकडे चार चकचकीत साचे होते आणि समोर आलेले प्रत्येक काम तो त्यांतल्याच एकात ओतत असे : मागे ज्वाळा, कोपऱ्यात सोनेरी पट्टी, नावांना सावली. शास्त्रीय गायिकेच्या मागेही ज्वाळा आणि कबड्डीच्या संघाच्या मागेही ज्वाळाच. दर आमच्यापेक्षा कमी आणि काम दुसऱ्या दिवशी हातात, म्हणून गिऱ्हाईक तिकडे वळले याचे दुःख नाही, धंदा आहे. तो मात्र आमच्या पानांना ‘जुन्या काळची रद्दी’ म्हणत फिरला, हे आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

त्याच सुमारास एका क्रीडा समितीने आमच्याकडून जाडजूड स्मरणिका छापून घेतली. जाहिरातींचे पैसे समितीने गोळा केले, मग समितीत दोन तट पडले, आणि गठ्ठे आमच्याच दारात पडून राहिले. विचारायला गेलो की ‘पुढच्या वर्षी पाहू भो’ एवढेच उत्तर मिळे. कागदाच्या व्यापाऱ्याने उधारी थांबवली, ऑफसेटचे हप्ते थकले, आणि यंत्र पाहायला खरेदीदारही येऊन गेले. आबांनी त्या काळात आपला वाटा घेतला नाही, आणि आम्ही दिला असता तर त्यांनी तो परत केला असता.

तेव्हा टिकलो ते नानांमुळे. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले, भुसावळचे, एका संगीत मंडळाचे कार्यवाह. त्या वर्षी त्यांच्या कार्यकारिणीने स्मरणिका स्वस्त दरामुळे समोरच्याला दिली होती. त्यात एका गुरुजींच्या भैरवीतील बंदिशीचे स्वरलेखन होते. समोरच्याने मजकूर एका फाइलीतून दुसरीत उचलून टाकला आणि त्यात स्वरांखालच्या सगळ्या रेघा गळून पडल्या. भैरवीचे रे, ग, ध, नि हे चारही स्वर कोमल. रेघा गेल्या म्हणजे चारही शुद्ध झाले आणि भैरवीचा बिलावल, म्हणजे दुसराच राग झाला. गुरुजी सभेला आले नाहीत. नाना दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले, पुढच्या वर्षाच्या कामाची पूर्ण रक्कम आगाऊ ठेवली आणि म्हणाले, “कागद चांगला घ्या, आणि छपाईआधी तपासायचे मुद्रित मला स्वतः दाखवा.” त्या पैशांतून थकलेले हप्ते भरले गेले. नाना हयात होते तोवर त्यांनी एकही मुद्रित दुसऱ्या कोणाला तपासू दिले नाही.

मैदानाच्या बाजूनेही समोरच्याची परीक्षा झाली. २२ संघांची बाद फेरी होती. अशा वेळी ३२ घरांचा तक्ता आखून १० संघांना पहिली फेरी न खेळता पुढे चाल द्यावी लागते, पहिल्या फेरीत सहा सामने होतात आणि एकूण २१. त्याच्या साच्यात १६ घरे होती. त्याने १६ संघ घरांत बसवले आणि उरलेले सहा खाली ‘इतर सहभागी संघ’ म्हणून यादीत टाकले! मैदानावर काय झाले असेल ते कबड्डीच्या पंचांना विचारावे. पुढच्या हंगामात ते मंडळ आमच्याकडे आले, आणि आम्ही अर्धी रक्कम आगाऊ मागितली.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे, कोणी विचारलेले नसले तरी. समितीकडून काम घेताना सही एकाची नव्हे, दोघांची घ्यावी, आणि ते दोघे एका तटातले नसावेत. पिनिंगच्या, म्हणजे मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत बसतात, हे जाहिराती गोळा करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला सांगावे. बाद फेरीचा तक्ता आधी कागदावर पेन्सिलने काढावा. स्वरलेखन छापण्यापूर्वी ते गाता येणाऱ्या माणसाकडून गाऊन घ्यावे. आमच्याकडे हे काम आता आमची सून करते, तिचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असले तरी तिच्या गायनाच्या तीन परीक्षा झालेल्या आहेत.

तो समोरचा गृहस्थ अजून आहे आणि त्याचे बरे चालले आहे. स्वरलेखनाची पाने आणि मोठ्या स्पर्धांचे तक्ते तो आता आमच्याकडून जुळवून घेतो, अर्थात नोकरामार्फत, स्वतः येत नाही. आम्ही त्याला दीडपट दर लावतो. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर मुद्रक म्हणून नाव मात्र त्याचेच असते.