तळहातावरची दोरी

रामबागेतले एक काका ओपीडीत आले. केसपेपरवर तक्रार लिहिलेली, ‘लघवीचा त्रास’. इंदूरला मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी या शब्दांवर थांबत नाही. साठीच्या आसपासचे पुरुष खरी तक्रार काउंटरवर सांगत नाहीत.

लघवी, प्रोस्टेट, सोनोग्राफी, सगळं वयाला साजेसं होतं. डायबिटीस मात्र जुना. काकांनी रिपोर्ट घ्यायला हात पुढे केला तेव्हा दिसलं की अनामिका पुरती सरळ होत नाहीये. तळव्यात त्वचेखाली दोरीसारखा कडक पट्टा. याला ड्युपुट्रेन म्हणतात, आणि तो असलेल्या काही पुरुषांना आणखी एक आजार असतो. मी सोबत आलेल्या मुलाला बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, “काका, ताठरता आल्यावर लिंग वाकतं का? दुखतं का?”

“तुम्हाला कसं कळलं?” एवढं म्हणून ते रडायलाच लागले.

कित्येक महिने ते वेगळ्या खोलीत झोपत होते. काकूंना वाटे, आपल्यावरच राग आहे. मधे भिंतीवरची ‘गुप्तरोग’ची जाहिरात वाचून ते कुणाकडे तरी गेले, तर त्याने ‘जवानी की गलतियाँ’ सांगून महागडं चूर्ण गळ्यात मारलं. या लोकांचा मला मनापासून संताप येतो. औषध निरुपयोगी असतंच, वर आयुष्यभराची अपराधी भावना देऊन जातात.

मी कागदावर चित्र काढून दाखवलं. रक्त भरून ताठ होणाऱ्या दोन नळ्यांभोवती एक चिवट, ताणलं जाणारं आवरण असतं. त्याला बारीक इजा झाली आणि व्रण नीट भरला नाही, तर तिथे निबर चट्टा धरतो. सायकलच्या ट्यूबला एका बाजूने ठिगळ लावून हवा भरावी तसं होतं: ती बाजू ताणली जात नाही, म्हणून लिंग तिकडे वाकतं. पंधराव्या लुईचे शल्यवैद्य फ्रांस्वा द ला पेरोनी यांनी 1743 साली याचं वर्णन केलं, म्हणून हा पेरोनीचा आजार. हा कॅन्सर नाही, संसर्ग नाही, हस्तमैथुनाचं फळ तर नाहीच.

पुढच्या वेळी काकूंनाही बोलावलं. त्यांनी आधी विचारलं, “कॅन्सर नाही ना?” आणि मग काकांकडे वळून, “मग मला का नाही सांगितलंत?”

दुखत असेपर्यंत आजार बदलत असतो, तेव्हा ऑपरेशनची घाई करत नाहीत. वेदनाशामक गोळ्या आणि साखरेवर ताबा, एवढ्यावर आम्ही थांबलो. व्हिटॅमिन ई लिहून द्यायची जुनी पद्धत मी पाळत नाही. त्याने वाक कमी होत नाही. चट्ट्यात देण्याचं, त्यातले निबर तंतू तोडणारं कोलॅजिनेज इंजेक्शन अमेरिकेत 2013 साली मंजूर झालं, पण तेही वाक स्थिरावल्यावर, तीस अंशांपेक्षा जास्त असेल तर. ऑपरेशनमध्ये विरुद्ध बाजूला टाके घेऊन लिंग सरळ करतात, त्यात लांबी थोडी घटते. हे मी आधीच स्पष्ट सांगतो, नंतर कळलं तर माणूस खचतो.

वर्षभराने वेदना गेली होती आणि वाक स्थिरावला होता. थोडा उरलाय, पण संबंधाच्या आड येत नाही. अशा वेळी कापाकापीचं कारणच नसतं. ऑपरेशन नको, हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं.