एक पॅकेज काढायला गेलो

लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टम टाकली तरी ब्राउझर उघडला की पंखा घरघरायला लागायचा. सिस्टम मॉनिटरमध्ये 'इव्होल्यूशन' नावाच्या तीन प्रोसेस कायम जाग्या. मी तो मेल प्रोग्राम कधी उघडलाही नव्हता. म्हटलं, काढून टाकू.

उबुंटूत प्रोग्राम पॅकेज म्हणून येतात, ते टाकायला-काढायला ॲप्ट ही कमांड. या प्रोसेस ज्या पॅकेजच्या, ते काढायला टाइप केलं: 'सुडो ॲप्ट रिमूव्ह इव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर'. काय काय निघणार त्याची यादी आली, होकारासाठी वाय दाबलं. गुरुवार होता, पाणी जायच्या आत बादल्या भरायच्या होत्या. यादी कोण वाचतो! रीस्टार्ट केल्यावर लॉगिनचं चित्र गायब, नुसता काळा पडदा.

कोथरूडहून हडपसरला दादाला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "वाय दाबण्याआधी काय वाचलंस?" मी गप्प.

त्याच्या सांगण्यावरून कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, तिथे अक्षरी लॉगिन मिळालं. मग 'व्हार-लॉग-ॲप्ट'मधली हिस्टरी फाइल उघडली. 'रिमूव्ह'च्या ओळीत सगळी मंडळी हजर: ग्नोम-शेल (पडद्यावरचा सगळा डेस्कटॉप), जीडीएम३ (लॉगिनचं चित्र दाखवणारा), उबुंटू-सेशन, उबुंटू-डेस्कटॉप. वरच्या पट्टीतल्या घड्याळावर क्लिक केलं की जे कॅलेंडर उघडतं, त्याच्या नोंदी या डेटा-सर्व्हरकडून येतात. म्हणून ग्नोम-शेलला तो लागतोच, आणि जीडीएमला ग्नोम-शेल लागतं. मी पाया काढला, ॲप्टने वरचे मजले उतरवले. उतरवण्याआधी ॲप्टने विचारलं होतं, हे मात्र खरं.

नशीब, वायफाय आपोआप जोडलं गेलं होतं. 'ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप' टाकलं, डाउनलोड होईपर्यंत चहा झाला, रीस्टार्टनंतर सगळं जागेवर. गरज उरली नाही म्हणून आणखी काही पॅकेजं ॲप्टने दाखवली होती. घाईत ती काढणारं ऑटोरिमूव्हही चालवलं असतं तर परत आणायचा पसारा वाढला असता.

आता काही काढायचं तर आधी तीच कमांड 'डॅश एस' लावून चालवतो. त्यात नुसती रंगीत तालीम होते, हलत काहीच नाही. कोण कशावर अवलंबून आहे ते 'ॲप्ट आर-डिपेंड्स' सांगतं, पण ती यादी इतकी लांब येते की फक्त बसवलेली पॅकेजं दिसावीत म्हणून सोबत 'इन्स्टॉल्ड'चा पर्याय लावावाच लागतो.

त्या तीन प्रोसेस? पॅकेज तसंच ठेवलं आणि सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या 'सिस्टम-सीटीएल' कमांडला 'यूजर'चा पर्याय देऊन त्या सर्व्हिस मास्क केल्या, म्हणजे त्या सुरूच होत नाहीत. घड्याळावर क्लिक केलं की महिना दिसतो, नोंदी नाहीत. दुधाचे खाडे तसेही भिंतीवरच्या कालनिर्णयवरच मांडतो.