जुनी डिझेल गाडी: हीटर प्लग बदलण्याआधी अर्थिंग मोजा

जानेवारीत धुळ्याचा पारा आठच्या खाली उतरला की जुन्या इंडिका, सुमोसारख्या गाड्यांची ठरलेली तक्रार सुरू होते: सेल (स्टार्टर मोटर) फिरतो, पण इंजिन धरत नाही. आधी सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय, पण जळत नाही. धूरच नसेल तर हीटर प्लगचा, म्हणजे थंड इंजिनात सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा, विषय सोडा. डिझेलच्या लाइनने हवा धरलीय किंवा डिझेल पंपावरचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडत नाही. चावी दिल्यावर त्याचा 'टक' आवाज यायलाच हवा.

पांढरा धूर असेल तर प्लगांना जोडणारी पट्टी काढा. ती तशीच ठेवून तपासलं तर चारही प्लग एकत्र मोजले जातात आणि मेलेला प्लग लपतो. 21 वॅटच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या डोक्याला लावा. पेटला नाही, तर तो प्लग गेला. मल्टिमीटरवर थंड प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स त्यातून वजा करायला विसरू नका. प्लग काढायचा तो इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री गंजावर तेल सोडून. थंड इंजिनावर पान्याला जोर लावला आणि प्लग आतच तुटला, तर छोटंसं काम इंजिनचं हेड उतरवण्यावर जातं.

प्लग चांगले, तरी धरत नाही? मग प्लगांच्या पट्टीवर व्होल्ट मोजा. चार प्लग मिळून 50 अँपिअरच्या आसपास ओढतात. वाटेत कुठे 0.05 ओहमचा सैल जोड असला तरी अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात. पट्टीवर 11 व्होल्ट हवेत. नऊच मिळत असतील तर रिलेचे (प्लगांना करंट देणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळलेत किंवा मोठ्या फ्यूजचा स्क्रू ढिला आहे.

आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिन-चासीशी जोडणी! बहुतेक वायरमन इथे शेवटी येतात, यायला हवं पहिल्यांदा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला (क्लॅम्पला नाही, थेट खांबाला), दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला, आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. 0.3 व्होल्टच्या वर आकडा गेला तर गिअरबॉक्स-चासी अर्थची पट्टी खोला. वरून ठीक दिसते, पण थिंबलखालची (टोकाच्या धातूच्या कडीखालची) तार काळी पडलेली आणि बोल्टाखाली रंगाचा थर, हे नेहमीचं. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन. सेल मारताना बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली गेली तर मात्र दोष बॅटरीत किंवा सेलमध्ये.

हीच अर्थची पट्टी उन्हाळ्यात वेगळं सोंग घेते. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा चढतो, बंद केला की उतरतो. इंजिन एका सेकंदात तापत-थंडावत नाही; काटा फसवतोय. खात्रीसाठी सेन्सरची वायर काढा. एकाच वायरीचा सेन्सर असेल तर काटा खाली पडायला हवा आणि वायर क्षणभर ब्लॉकला टेकवली की वर जायला हवा. मग वायर आणि मीटर ठीक, सेन्सर किंवा अर्थ बघा.

काटा खरं बोलत असेल तर रेडिएटर बघा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत रुई आणि धूळ यांचा नमदा बसतो. समोरून तो दिसतही नाही, कारण एसी कंडेन्सर पुढे असतो. पाणी इंजिनकडून बाहेर मारा, हलक्या दाबाने, नाहीतर फिन्स आडव्या होतात. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. क्षार नळ्यांत बसतात आणि चाळीसगावहून कन्नडच्या घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये लागली की हिशेब चुकता होतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान. गरम असताना झाकण उघडायचं नाही, आणि झाकणाची रबरी वॉशर कडक झाली असेल तर झाकणच बदला: दाब धरला नाही की पाणी लवकर उकळतं.